अळणी वरणाचा उन्हाळा

मित्रांनो, आधी हात पुसून घ्या. मला ओल्या हातांनी धरलेलं खपत नाही. आणि माझं झाकण उघडल्यावर जी काचेची उभी नळी दिसते ना, तिला टिचकी मारायची नाही. तिच्यात पारा आहे. दिसायला चकचकीत असला तरी तो विषारी असतो, खेळायची वस्तू नव्हे. एवढं कबूल असेल तर बसा, माझी हकिकत सांगतो.

मी बीपीचं मशीन. पण मारेगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत मला या नावानं कोणी हाक मारत नाही. तिथं मी 'नर्सबाईचा डबा'. म्हातारी माणसं 'हवा भराचा डबा' म्हणतात, कारण दंडाला पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबला की त्यात हवा भरते. माझ्या अंगावरचा करडा रंग कोपऱ्यांना उडालाय. एक बिजागरी तारेनं बांधलेली आहे. पट्ट्याचं कापड आजवर चारदा बदललं. सध्याचं कापड नर्सबाईंच्या मुलाच्या, रोशनच्या, शाळेतल्या खाकी चड्डीचं आहे. हसू नका! कापड पक्कं आहे.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. नळीत पहिल्यांदा पारा ओतला तेव्हा मी असा थरथरलो की विचारू नका. मग एका जाड चष्म्याच्या माणसानं मला शून्यावर आणलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." ते वाक्य मी मनात धरून बसलो. पुढं त्याची मला घमेंडच झाली म्हणा ना.

माझ्या नर्सबाई, इंदूबाई, नागपूरला नर्सिंगचा कोर्स पास झाल्या ते साल १९७१. त्यांचे वडील उकंडाजी कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गठाणी उचलायचे. पोरीला सरकारी डबा मिळेल तेव्हा मिळेल, तिचा स्वतःचा असला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मला खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून त्यांनी घरी आणलं आणि अंगणातल्या बाजेवर दंड उघडा करून बसले. "पह्यले माहं पाह्य."

माझ्या आयुष्यातला तो पहिला दंड. पट्टा जेमतेम पुरला. इंदूबाईंनी कानात नळी घातली, हवा भरली, हळूहळू सोडली. उकंडाजी श्वास रोखून बसले होते.

"म्हंजे पास का नापास?" त्यांनी विचारलं.

"पास, बाबा."

"मंग ठीक हाये," म्हणाले, आणि सगळ्या मोहल्ल्याला सांगत सुटले की आपण पास झालो.

पुढची तेहतीस वर्षं मी इंदूबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत काढली. कधी एसटीनं, कधी बैलगाडीनं, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून पायी. किती दंडांना मी मिठी मारली त्याचा हिशेब नाही. बाळंतिणींचे, म्हाताऱ्यांचे, कापूस वेचून बोटं ओरबाडलेल्या बायांचे. हवा सोडताना पारा खाली उतरतो, तेव्हा नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो किंचित उडी मारतो. ती उडी मला कळते. इंदूबाईंना कानांनी ऐकू यायचं ते मला अंगानं समजायचं. आमची जोडी अशी जमली होती की वा रे वा.

इंदूबाईंचे दोन नियम होते. पहिला नियम असा की बाई धापा टाकत आली की लगेच पट्टा बांधायचा नाही. "पाच मिनिटं बस. पानी पे. मंग पाहू." आणि एकदा बीपी जास्त निघालं तरी त्यावर भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाहायचं, तिसऱ्या दिवशी पाहायचं, मगच काय ते बोलायचं. दुसरा नियम मिठाचा. बीपी खरंच वाढलेलं असेल त्याला त्या एकच गोष्ट बजावायच्या, "मीठ सोड." लोणचं बंद, पापड बंद, सांडगे बंद. लग्नाच्या पंगतीत इंदूबाई दिसल्या की बीपीवाले लोक लोणच्याची फोड पोळीखाली सारायचे. इंदूबाई तिथूनच डोळे वटारायच्या. या नियमानं कितीतरी माणसं वाचली, हे मी छातीठोक सांगतो.

२००४ साली त्या निवृत्त झाल्या आणि मी पिशवीतून घरातल्या फळीवर आलो. आता तुम्हाला ममताबद्दल सांगायला हवं. हे सगळं मी सांगतोय ते तिच्याचसाठी.

ममता म्हणजे इंदूबाईंची सून, रोशनची बायको. रोशन मारेगाव-वणी रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो. ममता शेजारच्या गावात अंगणवाडी सेविका. तिच्याकडे बत्तीस लेकरं. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं वजन, कोणाला कान फुटलाय, कोणाला गूळ आवडतो, सगळं तिला तोंडपाठ. सासू-सुनेचं असं मेतकूट जमलं होतं की रोशन म्हणायचा, "मीच या घरात पाव्हना हाओ."

लग्नाला तीन वर्षं झाली असतील. ममताची झोप उडाली. झोप नाही, पण थकवाही नाही. तिनं अंगणवाडीच्या चारही भिंती एका दिवसात रंगवल्या, त्यावर मोर काढले, मग मोरांवर आगगाडी काढली. आपल्या सात साड्या वाटून टाकल्या. बोलणं इतकं भरधाव की एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या अंगावर चढायचं. लोकांनी आधी कौतुक केलं, मग कुजबुज सुरू केली. आणि दोन महिन्यांनी तीच ममता भिंतीकडे तोंड करून पडली. केस विंचरायला हात वर उचलेना. "मले काही नोको," एवढंच बोलायची.

शेजारच्या हंसाबाई म्हणाल्या, "बाहेरचं लागलं असन, इंदू."

"बाहेरचं नाही न काही नाही," इंदूबाई कडाडल्या. "आतलंच हाये. अन् आतल्यासाठी डॉक्टर असते."

त्या ममताला घेऊन यवतमाळला गेल्या. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर अनघा भेटल्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी फार उंच उडतं, कधी फार खोल बुडतं, आणि ते त्या माणसाच्या हातात नसतं. त्यांनी लिथियम नावाची गोळी लिहून दिली, मधूनमधून रक्त तपासायला सांगितलं. इंदूबाईंनी गोळी एक दिवस चुकू दिली नाही. आणि मित्रांनो, हे नीट ऐका. ममता त्या गोळीवर दोन वर्षं छान होती. कामावर जात होती, सणाला पुरणपोळ्या करत होती, रोशनशी भांडतसुद्धा होती. म्हणजे अगदी बरी होती.

मग धडधड सुरू झाली.

कापसाची ती वर्षं वाईट होती. वेचलेला कापूस घरात पडून राहायचा आणि माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळायची. एका हंगामात ममताच्या अंगणवाडीतल्या दोन लेकरांचे बाप गेले. ती त्या घरांत जाऊन बसायची. लेकरांना खिचडीचा डबा पोचवायची. एके दिवशी तिथून परत येताना वाटेतच तिचं काळीज धडधडायला लागलं. हात गार, तोंड कोरडं, श्वास पुरेना. आपण आता मरतो अशी तिची खात्रीच झाली. एका बाभळीखाली ती अर्धा तास बसून राहिली. मग ते आपोआप ओसरलं.

घरी येऊन तिनं इंदूबाईंना सांगितलं, "आई, टोपल्याखाली कोंबडं झाकलं की कसं फडफडते, तसं होऊन राह्यलं होतं छातीत."

त्यानंतर ते वरचेवर व्हायला लागलं. भाजी चिरताना, लेकरांचं वजन करताना, कधी तर हसताहसता. आता मला फळीवर बसायची सवड मिळेना. ममता स्वतःच पट्टा बांधायला शिकली. सकाळी उठली की मी, चहा झाला की मी, अंगणवाडीतून आली की दारातूनच मी. दिवसातून दहा-दहा वेळा! मी दर वेळी खरं सांगायचो, एकशे वीस-ऐंशी, एकशे अठरा-शहात्तर. ती 'हो का' म्हणायची, झाकण लावायची, आणि तासाभरात पुन्हा यायची. मी मनातून थोडा वैतागायचो. एकदा सांगितलेलं कळत नाही का या पोरीला? तेव्हा मला कळलं नव्हतं की तिची शंका पाऱ्यानं मिटण्यातली नव्हती.

मार्चअखेरीस एक दुपार आली. ममता अंगणवाडीतून धावतच घरात शिरली. घाम फुटलेला, ओठ पांढरे. "आई, गेली मी!" एवढं म्हणून ती खाली बसली.

आणि इंदूबाई घाबरल्या, मित्रांनो. तेहतीस वर्षं परक्यांच्या घरात त्या कधी घाबरल्या नाहीत. तिथं "पाच मिनिटं बस, पानी पे" म्हणणारी बाई स्वतःच्या सुनेच्या दंडाला घाईघाईनं पट्टा बांधू लागली. पाणी नाही, पाच मिनिटं नाही, काही नाही. पारा वर गेला, उड्या मारत खाली आला. एकशे छप्पन्न-अठ्ठ्याण्णव.

आता सांगा, घाबरून पळत आलेल्या माणसाचा पारा चढणार नाही तर काय होईल? मी त्या घटकेचं खरं तेच सांगितलं. इंदूबाईंनी ते कायमचं धरलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं नाही, तिसऱ्या दिवशी पाहिलं नाही. "पोरीले बीपी लागली," म्हणून त्या पदरानं डोळे पुसत उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मिठाची बरणी उचलली आणि फडताळात सगळ्यांत वर, डाळीच्या डब्यामागे ठेवली.

"आजपासून या घरात मीठ बंद. एकटीले अळणी कायले खायला लावाचं? सगळेच खाऊ."

त्या दिवसापासून अळणी वरण, अळणी भाजी, भाकरीच्या पिठातही मिठाचा कण नाही. कैरीचं लोणचं हंसाबाईंकडे रवाना झालं. रोशननं पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं.

"आई, हे वरण हाये का डाळीची अंघोळ?"

"खाय मुकाट्यानं."

"खातो वो. पण ड्रायव्हर लोकाइले सांगू नोको, हसतीन मले." आणि खाल्लं त्यानं. दोन महिने खाल्लं. ममताकडे बघून तो खोटंखोटं मिटक्याही मारायचा. मला त्या घराचं फार कौतुक वाटायचं. एका माणसाच्या जिवासाठी तिघांनी चव सोडली होती.

त्या साली, २००६ साली, मे महिन्यात ऊन नुसतं भाजत होतं. पत्र्याखाली माझा रबरी फुगा चिकट व्हायचा. ममता घामानं निथळत अंगणवाडीतून यायची. आणि तिचे हात कापायला लागले. आधी थोडे, मग इतके की चहाची बशी खळखळ वाजायची. मग उलट्या. मग जुलाब. चालताना तोल जाऊ लागला, भिंत धरावी लागू लागली.

इंदूबाई तिला बसवायच्या आणि मला काढायच्या. आता त्या रोज सकाळी नियमानं तपासत होत्या. पारा एकशे चौदा-बहात्तर.

"पाह्य, कशी झकास बीपी आली! मिठाचाच गुण हाये," त्या आनंदानं म्हणायच्या. "थे कापणं-बिपणं भेवानं होते, माय. मन घाबरते तुहं. काही नाही झालं तुले."

मित्रांनो, तेव्हा मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. ममताला बीपी कधी नव्हतंच. मीठ सोडल्यानं काही उतरलं नव्हतं. पण ठोक्यांच्या उड्या मला वेगळ्याच लागत होत्या, मंद आणि जड. काहीतरी बिघडत होतं आणि माझ्या आकड्यांत ते कुठंच दिसत नव्हतं. खोटं न बोलणारा मी, आणि माझंच खरं पुढं करून त्या पोरीला गप्प केलं जात होतं. आजही ते आठवलं की मला शरम वाटते.

एका सकाळी ममताच्या हातातून पाण्याचा पेला पडला. इंदूबाईंनी सवयीनं मला पुढं ओढलं. ममतानं दंड पुढं केला नाही. बोलताना तिची जीभ जड होत होती, शब्द एकमेकांत अडकत होते.

"आई, हे थे धडधडणं नाही. थे आलं की मले पळावंसं वाटते. हे आलं तं उभं राहवत नाही. हे येगळं हाये."

"अवो, तुले तसं वाटते..."

"मलेच वाटते न!" ममताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मनाची गोळी खाते म्हणून माहं सगळंच मनाचं झालं का, आई? मले खरंखरं काही होऊच शकत नाही का?"

इंदूबाईंच्या हातात पट्टा तसाच राहिला. रोशन दारात जीपची किल्ली घेऊन उभा होता.

मग इंदूबाईंनी पट्टा गुंडाळला, माझ्यात ठेवला आणि माझं झाकण लावलं. तपासायच्या आधीच झाकण लावल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. त्यांनी ममताकडे पाहिलं. म्हणजे नीट पाहिलं, सून म्हणून नाही, दारात आलेली कोणी अनोळखी बाई असावी तसं. "हात पुढं कर," म्हणाल्या. हात पानासारखे थरथरत होते. "चाल, मोरीपर्यंत जाऊन ये." ममता चार पावलं गेली आणि भिंतीला टेकली. "तुह्या अंगणवाडीतल्या लेकराइचे नावं सांग." बत्तीस नावं तोंडपाठ असलेली ममता सहाव्या नावाला अडकली. सातवं आठवेना.

"रोशन, गाडी काढ," इंदूबाई म्हणाल्या. "यवतमाळले. पाशिंजर गिशिंजर काही घेऊ नोको."

पिशवी उचलताना सवयीनं त्यांनी मलाही आत टाकलं, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. ममता मागच्या सीटवर इंदूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झोप आणि शुद्ध यांच्या मधे कुठंतरी होती. इंदूबाई सारखं तिच्याशी बोलत होत्या. "डोये उघड, माय. करंजी गाव आलं पाह्य. माहं चुकलं असन तं सांग, पण डोये उघड." रस्त्यावर नजर ठेवून रोशन गाडी पळवत होता आणि मधूनच बाहीनं तोंड पुसत होता. ही पोरगी दवाखान्यापर्यंत टिकते की नाही, एवढाच विचार त्या गाडीत होता. मला कोणी उघडलं नाही.

डॉक्टर अनघांनी ममताला लगेच पलंगावर घेतलं. हात पाहिले, डोळे पाहिले, रक्त काढलं आणि भराभर प्रश्न विचारले. गोळी किती? तेवढीच. जास्त तर घेतली नाही? नाही, मी सोता देते. दुसरं काही औषध? नाही.

"खाण्यापिण्यात काही बदल केला का एवढ्यात?"

इंदूबाईंनी मान वर केली. "मीठ बंद केलं, बाई. बीपीसाठी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "पूर्ण बंद?"

"कणभर नाही. दोन महिने झाले."

"लिथियमवर असलेल्या माणसाचं मीठ असं एकदम बंद करायचं नसतं, इंदूबाई," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं लिथियमच धरून ठेवतात, बाहेर जाऊ देत नाहीत. त्यात हा घाम, उलट्या, जुलाब. गोळी तेवढीच होती, पण ती आत साठत गेली. ममताच्या अंगात गोळीचंच विष झालंय."

तेहतीस वर्षं ज्या शब्दांनी इंदूबाईंनी माणसं वाचवली, तेच शब्द त्यांनी मायेपोटी, न तपासता, स्वतःच्या सुनेवर वापरले होते. "मीच केलं, बाई," त्या म्हणत राहिल्या. "थे सांगून राह्यली होती, मी आयकलं नाही."

"वेळेवर आणलंत तुम्ही. आता रडू नका, मला काम करू द्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी लिथियम थांबवलं आणि सलाइन लावलं. खेड्यापाड्यात लोक उगाचच सलाइन मागतात, इंदूबाई त्यांच्यावर आयुष्यभर चिडायच्या. त्या दिवशी मात्र त्या बाटलीतला थेंबन् थेंब त्या हात जोडून बघत बसल्या.

दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ममतानं डोळे नीट उघडले. शब्द अजून सावकाश येत होते, पण सुटे येत होते. इंदूबाई तिच्या पायाशी बसल्या होत्या.

"माफ कर मले, ममता."

"तुमी सगळ्याइनं मीठ सोडलं न माह्यासाठी," ममता म्हणाली. "राग कायचा करू, आई? फक्त पुढच्या खेपी मी सांगतलं तं आयका."

"आयकीन."

"अन् जेवाले काही खारट आना. तोंड निरा मातीसारखं झालं."

रोशन असा धावत गेला की चप्पल तिथंच राहिली. तो खारे शेंगदाणे घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला झापलं आणि मिठाची पेज द्यायला सांगितली. शेंगदाणे शेवटी त्यानंच खाल्ले. खाताना रडत होता.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी ममताच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, थायरॉइडसाठी रक्त तपासलं. हृदय ठणठणीत होतं. ही धडधड म्हणजे घाबरण्याचा झटका, त्या म्हणाल्या. मनाच्या मोठ्या आजाराशेजारी तोही राहायला येऊ शकतो. खोटा नसतो, नाटक नसतं, फार त्रास देतो, पण त्यानं माणूस मरत नाही. दोन्हींसाठी उपाय आहेत, फक्त एकाचं औषध दुसऱ्याला बाधणार नाही हे डॉक्टरला बघू द्यायचं. त्यांनी हळू श्वास सोडायची रीत शिकवली, तपासण्यांच्या तारखा दिल्या, काही आठवड्यांनी लिथियम थोड्या मात्रेनं पुन्हा सुरू करू म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि हा डबा आता सारखा उघडायचा नाही. दर तासाला मशीन बघितलं की भीतीला खाद्यच मिळतं."

अरे वा! एवढी वर्षं चाकरी केली आणि हे बक्षीस? मला असा राग आला होता की पारा शून्यावर राहीना. परतीच्या प्रवासात मी पिशवीत धुमसत होतो.

मी फळीवर गेलो. आठवडे गेले, महिने गेले. माझ्यावर धूळ बसली. महिन्यातून एकदा इंदूबाई मला पुसून हंसाबाईंचं बीपी बघायच्या, तेवढंच. ममता पुन्हा अंगणवाडीत जाऊ लागली. धडधड गेली नव्हती. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा यायची. पहिल्या पहिल्यांदा ममता फळीपर्यंत यायची, माझ्याकडे बघायची आणि मुठी आवळून परत जायची. ते तिला किती जड जात होतं ते मला वरून दिसायचं.

एका दुपारी ती निवडायला घेतलेलं धान्य तसंच टाकून उठली. चेहरा पांढरा, हात छातीवर.

"आई, सुरू झालं."

इंदूबाईंचा हात आपसूक फळीकडे आला. बोटं माझ्या झाकणाला लागली. तेहतीस वर्षांची सवय ती. मग त्यांनी हात मागं घेतला आणि जमिनीवर ममताच्या शेजारी जाऊन बसल्या.

"सांग, कसं वाटून राह्यलं?"

"मरतो असं वाटते."

"वाटत असन. मी आयकून राह्यली. पुढं सांग."

ममता सांगत गेली. मधे श्वास अडकायचा, मग पुन्हा सांगायची. इंदूबाईंनी एकदाही 'काही नाही झालं' म्हटलं नाही. तिचा हात हातात घेऊन बसल्या, पण नाडी मोजली नाही. वीसेक मिनिटं गेली असतील. ममतानं एक लांब श्वास सोडला, डोळे पुसले आणि म्हणाली, "गेलं वाटते."

"गेलं?"

"हो. चहा मांडू का, आई?"

मी फळीवर बंदच होतो. आयुष्यभर मला वाटायचं की मला उघडल्याशिवाय माणसाचं काय चाललंय ते कळतच नाही. त्या दुपारी कोणी मला उघडलं नाही, आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू, मित्रांनो!

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी ममतासारखं असेल. त्याची गोळी, त्याचं पथ्य डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलू नका, कितीही माया असली तरी. आणि ते माणूस म्हणालं, 'मला काहीतरी होतंय', तर मला खुशाल काढा, पट्टा बांधा, मी खरं तेच सांगेन. पण त्याआधी त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा, आणि माझं खरं आणि त्याचं खरं वेगळं निघालं, तर त्याचं धरा.